दांडा गोल असला तरी लव्हाळ्याच्याच कुळातली
फोटो टाकून ओळख विचारलेल्या या वनस्पतीचा दांडा तिधारी नाही, म्हणून ती लव्हाळ्याच्या कुळातली नाही, असं वर कुणीतरी म्हटलंय; ते मत मला पटत नाही. तिधारी दांडा ही सायपरेसी, म्हणजे लव्हाळ्याच्या कुळाची ढोबळ खूण झाली. याच कुळातल्या एलिओकॅरिस या गटातल्या कितीतरी जातींचा दांडा गोल असतो. फोटोत पानंच नाहीत, बुडाशी नुसती लालसर आवरणं दिसतात, त्यामुळे माझी शंका तिकडेच जाते. दांडा उभा चिरून बघा. आत पोकळी आणि थोड्याथोड्या अंतरावर आडवे पडदे असतील तर त्या गटातली एलिओकॅरिस डल्सिस ही जात असू शकते. पण असेच पडदे याच कुळातल्या स्कीनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा या दुसऱ्या जातीलाही असतात! तेव्हा खरा निकाल फुलोऱ्यावर. डल्सिसचं कणिश (फुलांचं छोटं कणीस) एकच, थेट शेंड्यावर, जवळपास दांड्याच्याच जाडीचं. आर्टिक्युलाटाचा मात्र कणिशांचा झुबका दांड्याच्या कडेला, बराच खाली चिकटल्यासारखा.