आता सगळे गेम ऑनलाइनच का? एकट्याने खेळायला काही उरलंय की नाही?

लोटे_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, लोटे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, घरी आठ महिन्यांची मुलगी आहे. लग्नाआधी बऱ्यापैकी खेळायचो, प्रोजेक्ट आयजीआयपासून सुरुवात, मग व्हाइस सिटी, मॅक्स पेन, विचर ३ तर दोनदा पूर्ण केला. मधे दोन-अडीच वर्षं कशालाच हात लावला नव्हता. यंदा नवीन लॅपटॉप घेतला आणि काय खेळावं म्हणून शोधायला बसलो तर जिकडे बघावं तिकडे सीझन, बॅटल पास (पैसे भरून गेममधली बक्षिसं मिळवायची), रँक, स्क्वॉड. बारावीतला आतेभाऊ आलेला, तो म्हणाला दादा स्टोरी मोड वगैरे आता कोण बनवत नाही, सगळा पैसा मल्टिप्लेअरमध्ये आहे. त्याचं बीजीएमआय (पब्जीचा भारतातला अवतार) दिवसरात्र चालू असतं त्यामुळे त्याला तसं वाटणारच, पण मला खरं काय ते कळेना.

माझी अडचण अशी की मला खेळायला मिळतो तो रात्रीचा पाऊण-एक तास, तोही सलग नाही. मुलगी उठली की जागेवरून उठावंच लागतं. स्क्वॉडमधल्या तिघांना "थांबा हं" म्हणता येत नाही, मॅच तर थांबतच नाही. मला पॉजचं बटण लागतं, साधी गोष्ट आहे.

दुसरं म्हणजे, सेलमध्ये एक रेसिंग गेम घेतला, नाव लिहीत नाही. शर्यती एकट्यानेच मारायच्या, समोरच्या सगळ्या गाड्या कॉम्प्युटरच्या. परवा शनिवारी धो धो पाऊस, नेट गेलं, आणि गेम मेनूच्या पुढे जाईना, म्हणे सर्व्हरशी संपर्क होत नाही. गेम माझ्या लॅपटॉपवर, ९० जीबी जागा खाऊन बसलाय, पैसे मोजून घेतलाय, खेळणारा मी एकटा, मग सर्व्हर कशाला पाहिजे? फार वाईट वाटलं, आठवड्यातला तेवढाच एक मोकळा तास होता.

तर दोन प्रश्न. कंपन्या मुद्दाम सिंगल प्लेअर सोडून चालल्यात का? आणि माझ्यासारख्याने आता काय खेळावं?

---

पेठेतला_पांडू

आतेभावाला सांगा चूक आहे. २०२३ ला गेम ऑफ द इयर बाल्डर्स गेट ३, २०२४ ला अ‍ॅस्ट्रो बॉट, २०२५ ला क्लेअर ऑब्स्क्युर, तिन्ही गेम एकट्याने बसून पूर्ण करता येतात. ब्लॅक मिथ वुकाँग ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि ३ दिवसांत १ कोटी प्रती खपल्या, मल्टिप्लेअर नावालाही नाही. तुमचा विचर ३ पण ५ कोटींच्या वर गेलाय. माणसं घेतायत, पैसे देतायत, फक्त त्याचा रोजचा गाजावाजा होत नाही कारण हे गेम लोक खेळतात, संपवतात आणि पुढे जातात. बीजीएमआयवाला रोज येतो, रोज त्याच्यावरच बोलतो.

---

बावधन_बिल्ड

मी पुण्यात एका मोबाइल गेम स्टुडिओत आहे म्हणून धंद्याच्या बाजूने सांगतो, कारण "मुद्दाम सोडतायत का" याला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर नाहीये.

गणित साधं आहे. स्टोरीचं एक मिशन करायला लेखक, अ‍ॅनिमेटर, आवाज देणारे, टेस्टर सगळे कित्येक महिने राबतात आणि खेळणारा ते अर्ध्या-पाऊण तासात संपवतो, परत तिकडे फिरकत नाही. मल्टिप्लेअरचा नकाशा एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो. पब्जीचा इरांगेल घ्या, २०१७ चा नकाशा आहे आणि पोरं अजून त्याच पोचिंकीत उतरतायत. समोरचा माणूस दर वेळी वेगळा असतो म्हणून तीच जागा शिळी होत नाही, म्हणजे तुमचा कंटेंट खेळाडूच एकमेकांसाठी तयार करतात. त्यात स्किन (पात्रांचे, बंदुकांचे नवे रंगरूप) विकल्या, पास विकला की दर महिन्याला पैसे.

जीटीए ५ हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. २०१३ चा गेम, २० कोटींच्या वर प्रती गेल्या, आणि आधीच्या जीटीए ४ ला दोन मोठे स्टोरी एपिसोड आले होते तसे ५ ला एकही आला नाही. सगळं काही जीटीए ऑनलाइनला गेलं. ज्यांना मायकल, फ्रँकलिन, ट्रेव्हरची पुढची गोष्ट हवी होती ते दहा वर्षं वाट बघत बसले. तेव्हा तुमच्या आतेभावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. कॉल ऑफ ड्युटीने पण २०१८ मध्ये ब्लॅक ऑप्स ४ कॅम्पेनशिवाय, म्हणजे स्टोरी मोडशिवाय, काढला होता, पुढच्याच वर्षी मात्र मॉडर्न वॉरफेअरमध्ये कॅम्पेन परत आणलं.

आपल्याकडे अजून एक कारण आहे ते कुणी फारसं बोलत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या कॉपी केलेल्या सीड्या आठवा. आपल्यातल्या किती जणांनी व्हाइस सिटीचे पैसे मूळ कंपनीला दिले? एकट्याने खेळायचा गेम कॉपी होतो, सर्व्हरवरचं अकाउंट कॉपी होत नाही. त्यामुळे जिथे पायरसी जास्त तिथे फुकट डाउनलोड आणि आत विक्री हा मार्ग कंपन्यांना बरा वाटला. भारतात पब्जी २०१८ ला एवढा पसरला त्यात स्वस्त डेटा आणि स्वस्त फोन तर आहेच, पण शंभर लोक एका बेटावर उतरवणारा गेम शून्य रुपयात मिळाला हे पण आहे.

आता दुसरी बाजू. २०२० ते २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी सगळी भिस्त लाइव्ह सर्व्हिसवर (सतत भर घालत वर्षानुवर्षं चालवायचे ऑनलाइन गेम) टाकली आणि बऱ्याच जणांचे हात पोळले. सोनीचा काँकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, दोन आठवडे! सगळ्यांना रीफंड, आणि पुढे तो स्टुडिओच बंद केला. तिथे काम करणाऱ्यांनी कित्येक वर्षं घातली होती त्यात, मला ती बातमी वाचून दिवसभर काही सुचलं नव्हतं. नॉटी डॉगने डिसेंबर २०२३ मध्ये लास्ट ऑफ अस चा मल्टिप्लेअर गेम रद्द केला तेव्हा कारण स्पष्ट सांगितलं, हा चालवायचा तर अख्खा स्टुडिओ पुढची कित्येक वर्षं त्यालाच जुंपावा लागेल आणि स्टोरीवाले गेम मागे पडतील. त्यांनी स्टोरी निवडली.

अडचण अशी आहे की माणसाकडे रात्री एकच तास असतो (तुमच्यासारखाच) आणि मल्टिप्लेअर गेम तो पूर्ण तास मागतो, रोज. त्यामुळे त्या बाजारात चार-पाच जणच जगू शकतात. स्टोरी गेमचं तसं नाही, यंदा हा संपवला की पुढच्या वर्षी दुसरा, सगळ्यांना जागा आहे.

आणि पुण्यातच बघा ना, दोन्ही गोष्टी झाल्यात. नॉडिंग हेड्सने राजी बनवला, २०१७ मध्ये क्राउडफंडिंगला पैसे जमले नव्हते तरी चिकाटीने २०२० ला आणला, पाच-सहा तासांचा गेम, भाऊ गोलूला शोधायला निघालेली राजी, राजस्थानी वाड्यांसारखी चित्रं, पूर्ण सिंगल प्लेअर. आणि सुपरगेमिंगने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंडस काढला, तो बॅटल रॉयल, म्हणजे पब्जीसारखा शेवटी उरेल तो जिंकला असा गेम. एकाच शहरातले लोक, दोन टोकाचे रस्ते, दोन्हीत जीव ओतलेला आहे.

---

मानहाइमची_मुक्ता

सगळे मल्टिप्लेअरला नावं ठेवताय म्हणून माझी बाजू मांडते. मी तीन वर्षं जर्मनीत आहे, धाकटा भाऊ नाशिकला. व्हिडिओ कॉलवर आम्ही पाच मिनिटांत गप्प होतो, जेवलीस का, थंडी आहे का, आईला दे, संपलं. पण रविवारी माइनक्राफ्टमध्ये दोन तास एकत्र असतो, तो खाणीत आणि मी वर घर बांधत, आणि हात कामात असले की त्याच्या तोंडून कॉलेजचं, मैत्रिणीचं, बाबांच्या शुगरचं सगळं आपोआप निघतं. बाबांची गोळी वाढवलीय हे मला आईने सांगितलंच नव्हतं, ते मला तिथे कळलं. आम्ही नाशिकचं घर बांधलंय त्यात, ओटा, मागचा हौद, तुळस नाही मिळाली म्हणून दुसरंच झुडूप लावलंय. हे मला कुठला स्टोरी गेम देणार?

पण तुमचं सर्व्हरचं म्हणणं १०० टक्के पटलं. एकट्याच्या गेमला सर्व्हर बांधून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती चूकच आहे, तिचा मल्टिप्लेअरशी काही संबंध नाही. आमचं माइनक्राफ्ट घर माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आहे, कंपनीने उद्या काहीही केलं तरी ते राहणार.

---

लोटे_शिफ्टवाला

ताई, हा विचार मी केलाच नव्हता. माझा आतेभाऊ पण बहुतेक गावातल्या मित्रांसाठीच येतो त्या गेमवर, सगळे आता वेगवेगळ्या शहरात गेलेत.

बावधन दादा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. पण मग माझ्या रेसिंग गेमला सर्व्हर का? मी तर कॉम्प्युटरच्या गाड्यांबरोबर खेळतो.

---

बावधन_बिल्ड

थोडं पायरसी रोखायला, थोडं आतल्या गाड्या आणि क्रेडिट विकायला. तुमच्या गाड्या, पैसे, प्रगती हे सगळं सर्व्हरवर ठेवलं तर कोणी फाइल बदलून फुकट क्रेडिट करू शकत नाही. ग्रॅन टुरिस्मो ७ चं मार्च २०२२ मध्ये तेच झालं, एका अपडेटनंतर सर्व्हर ३० तासांपेक्षा जास्त बंद आणि एकट्याने खेळायचा बहुतेक भाग पण बंद. माझ्या मते हे समर्थनीय नाही, मी या धंद्यात असूनही म्हणतो.

---

सीडी_जपून_ठेवा

याच्यापुढची पायरी पण बघा. द क्रू, २०१४ चा रेसिंग गेम, अख्ख्या अमेरिकेचा नकाशा, एकट्याने फिरता यायचं पण सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, त्या दिवसापासून ज्यांनी पैसे देऊन घेतला त्यांच्याकडे पण काही नाही. डिस्क कपाटात आहे आणि चालत नाही. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, युरोपात नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये १० लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी एवढीच की गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा.

आपल्याकडे पण झालंय की. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ ला स्टोअरवरून गेला, मे २०२३ ला परत. कारणं वेगळी होती, सुरक्षेचा प्रश्न होता, ते मी इथे काढत नाही, पण पोरांनी तीन-तीन वर्षं जमवलेलं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे हे तेव्हा दिसलं.

शिफ्टवाले दादा, जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून गेम घ्या. तिथे इन्स्टॉलरची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते, नेट नसलं तरी गेम बसतो आणि चालतो. विचर ३ आहे, सायबरपंक आहे, बाल्डर्स गेट ३ आहे. कोकणातल्या पावसाळ्याला हेच बरं. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात घेतलात तर आधी नेट असताना एकदा गेम सुरू करून बघा आणि मग ऑफलाइन मोडमध्ये टाका, आणि विकत घेण्याआधी पानाच्या उजव्या बाजूला वेगळं अकाउंट लागतं का ते वाचा, तिथे लिहिलेलं असतं.

---

विश्रामबाग_लॅन

मी सांगलीचा. २००४ ते २०११ सायबर कॅफे चालवला, आठ मशीन. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सिंगल प्लेअर कुठेही गेला नाही, गेलं ते एका खोलीत बसून खेळणं. संध्याकाळी क्लास सुटला की काउंटर स्ट्राइक १.६ ला आठही मशीन भरायची, चार इकडे चार तिकडे, आणि मागे उभे राहून बघणारे दहा. इंटरनेट नाही, फक्त लॅन, एक केबल आणि हब. हरलेला पोरगा खुर्ची सोडायचा आणि मागचा बसायचा. कोण कसा खेळतो, कोण चिडतो, कोण दुसऱ्याला शिकवतो हे सगळं डोळ्यांसमोर. आज माझा मुलगा पाच मित्रांबरोबर खेळतो आणि पाचही जण आपापल्या घरी, कानाला हेडफोन, दार लावलेलं. घरात कोणाला कळत नाही तो जिंकला की हरला.

त्याआधी तर टीव्हीला लावायचा कॅसेटवाला गेम, काँट्रा दोघांनी, एकाच पडद्यावर. आता मोठे गेम ते स्प्लिट स्क्रीन काढून टाकतायत, हेलो इन्फिनिटला कॅम्पेनमध्ये देणार म्हणाले होते ते २०२२ मध्ये रद्द केलं. दोघांसाठी एक पडदा म्हणजे एकच गेम विकला जातो, दोन नाही, हे पण असेल.

म्हणून माझी एक सूचना, वहिनींना बसवा बरोबर. इट टेक्स टू नावाचा गेम आहे, २०२१ चा, तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघंच लागतात, पण शेजारी बसून, एकाच पडद्यावर, पॉज होतो. नवरा-बायकोचीच गोष्ट आहे, दोघं वेगळं व्हायला निघालेली असतात आणि मुलीमुळे बाहुल्यांच्या रूपात अडकतात. मी आणि बायकोने लॉकडाऊननंतर खेळला, तिने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता, पहिले दोन दिवस सारखी पडत होती, तिसऱ्या दिवशी मलाच "अरे उडी मार ना आता" म्हणून ओरडायला लागली. एक साधा कंट्रोलर घ्या फक्त.

---

पेठेतला_पांडू

पॉजवरून आठवलं, एल्डन रिंग चुकूनही घेऊ नका, निदान मुलगी मोठी होईपर्यंत. सिंगल प्लेअर आहे, भारी आहे, पण ऑफलाइन असलात तरी नीट पॉज नाही, मेनू उघडला तरी राक्षस मारतच राहतो. त्यापेक्षा स्टारड्यू व्हॅली बघा, एकाच माणसाने बनवलेला, २०१६ चा. गेममधला एक दिवस साधारण १३-१४ मिनिटांचा आणि झोपलं की सेव्ह, म्हणजे एका तासात चार दिवसांची शेती होते. एकटे असाल तर मेनू उघडला की वेळ थांबते.

क्लेअर ऑब्स्क्युर पण चालेल, पाळीपाळीने लढाई आहे, आपली पाळी आली की गेम वाट बघतो. पण स्टोरी जड आहे, मृत्यू, दुःख वगैरे. रात्रपाळी करून आल्यावर झेपतं का बघा.

---

लोटे_शिफ्टवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जीओजीवर स्टारड्यू घेतला, इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर टाकून ठेवला. रात्री गाजर-बटाटे लावले, मुलगी दोनदा उठली, दोन्ही वेळा मेनू उघडून गेलो आणि परत आलो तेव्हा सगळं होतं तिथेच होतं.

इट टेक्स टू चं बायकोला सांगितलं. ती म्हणाली आधी व्हिडिओ दाखव कसा दिसतो. दाखवला, तर त्यातली खारींची लढाई बघून "हा घे" म्हणाली. विश्रामबाग दादा, कंट्रोलर कुठला घेऊ? लॅपटॉपला एकच पोर्ट मोकळं आहे, माउस काढावा लागला तर चालेल ना?

---

विश्रामबाग_लॅन

चालेल. एक जण कीबोर्ड-माउसवर आणि एक कंट्रोलरवर असंही खेळता येतं, पण मग माउस लागणार, म्हणून ब्लूटूथवाला कंट्रोलर घ्या म्हणजे पोर्टचा प्रश्नच नाही. आणि कंट्रोलर वहिनींना द्या, कीबोर्ड तुम्ही घ्या.