पाळकांकडे हिशेब मागणं म्हणजे 'अभिषिक्ताला हात लावणं' का?

मोहननगर_विश्वासी
सलाम. नागपुरातली आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) स्वतंत्र आहे, कुठल्या डायसिसखाली (बिशपच्या अधिकाराखाली) नाही. दोन वर्षं ताळेबंद वाचलेला नाही. प्लॉटसाठी वेगळं दान गोळा झालं, त्याचंही काही कळत नाही. विचारलं की पाळक (पास्टर) बायबलमधलं स्तोत्र १०५:१५ ('माझ्या अभिषिक्तांना', म्हणजे देवाने निवडलेल्यांना, 'हात लावू नका') आणि इब्री १३:१७ ('पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा') ऐकवतात. मंडळीचे वडील (कारभार बघणारे पुढारी) तिघे, त्यातले दोघे पाळकांचे नातलग. मंडळी फुटू नये आणि उत्तरही मिळावं, यासाठी क्रम काय ठेवावा?

तीमथ्य_अभ्यास
ते स्तोत्र बाराव्या वचनापासून वाचा. अब्राहाम, इसहाक, याकोब परमुलखात मूठभर होते आणि देव तिथल्या राजांना दम देतोय. विषय इजा करण्याचा आहे, प्रश्न विचारण्याचा नाही. 'अभिषिक्त' म्हणून दाविदाने शौल राजाला मारलं नाही, हे १ शमुवेल २४ मध्ये आहेच. पण त्याच अध्यायात तो गुहेबाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सगळ्यांदेखत त्याला जाब विचारतो. आणि इब्री १३:१७ अर्ध्यावर थांबवू नका. पुढारी 'हिशेब द्यावा लागणारे' आहेत, हे त्याच वचनात लिहिलंय.

क्रमाबद्दल: मत्तय १८:१५ भावाने तुमचा अपराध केला तर त्याबद्दल आहे. वडिलांवरच्या आरोपाला १ तीमथ्य ५:१९-२१ लावा. दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप घ्यायचा नाही, पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष दाखवायचा आणि पक्षपात करायचा नाही. नातलग वडिलांनी या विषयापुरतं बाजूला बसावं, ही मागणी या तिसऱ्या अटीतूनच येते. लोक एकोणिसावं वचन पाठ म्हणतात आणि विसावं गाळतात, याचं फार वाईट वाटतं.

हिशेब_तपासणी
भाऊ, आरोपाने सुरुवात करू नका, कागद मागा. एका पानाचं पत्र, तीन-चार सभासदांच्या सह्या, मागण्या चारच: दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, प्लॉटच्या दानाचं पासबुक, खरेदीखताची प्रत, विश्वस्तांची यादी. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसली की 'पत्र मिळालंच नाही' यावर गाडी अडते.

दरम्यान धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट-१ चा उतारा काढा. मंडळी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असेल, तर त्यात विश्वस्तांची नावं आणि स्थावर मालमत्ता दिसते. बऱ्याचदा घोळ इथेच सापडतो. विश्वस्त बदलतात, पण ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) कुणी देत नाही, आणि कागदावर मयत माणसंही तशीच राहतात.

प्लॉटची आखीव पत्रिका किंवा सातबारा नक्की बघा. नाव ट्रस्टचंच हवं. ट्रस्टची जमीन विकायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जमीन पाळकांच्या वैयक्तिक नावावर असेल तर ही अडकाठी कागदावर उरत नाही, आणि उद्या त्यांचे वारस हक्क सांगू शकतात.

मोहननगर_विश्वासी
आयुक्तांकडे गेलो तर '१ करिंथ ६ मोडलं', म्हणजे विश्वासणाऱ्यांमधला वाद बाहेरच्या न्यायालयात नेला, असं म्हणतील. शिवाय दर रविवारचं दान एकच जण घरी नेऊन मोजतो.

तीमथ्य_अभ्यास
१ करिंथ ६ भावाभावातल्या खासगी वादांबद्दल आहे. ट्रस्टने कायद्याने द्यायचे हिशेब दिले का, हे विचारणं रोम १३ मध्ये (सरकारी अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) बसतं. तरी आधी पत्र, मग सभासदांची सभा, मग आयुक्त, हाच क्रम ठेवा. पैशांच्या अफरातफरीऐवजी लहान मुलाशी गैरवर्तनाची गोष्ट असती, तर यातलं काहीच थांबायचं नव्हतं. पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती थेट पोलिसांना कळवायची असते.

हिशेब_तपासणी
मोजणीची पद्धत याच रविवारी बदलता येते. उपासना संपताच तिथल्याच टेबलावर, नातं नसलेल्या दोघांनी पेटी उघडायची. वहीत ५००, २००, १००, ५० च्या नोटा आणि नाणी वेगवेगळी लिहायची, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा आणि स्लिप त्याच पानाला चिकटवायची. दानातून आधी खर्च काढून उरलेलं भरू नका, मग वही आणि पासबुक कधीच जुळत नाही. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघा भावांच्या हाती दिली, त्यातला एक मंडळ्यांनीच निवडलेला होता. २ करिंथ ८:१८-२२ सभेत वाचूनच हा ठराव मांडा.