ऑफिसच्या नेटवर्कवर काय काय जोडलंय ते पटकन कसं बघायचं? पिंगने फार वेळ लागतोय

मोडका_माऊस:
नमस्कार मंडळी, छोटं ऑफिस आहे आमचं, एक राउटर, एक स्विच, त्यावर पीसी, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि सगळ्यांचे मोबाईल. कुठला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणाकडे याची यादी करायचीय. राउटर बसवणारा पासवर्ड न सांगताच गेला आणि आता फोन उचलत नाही, त्यामुळे आत जाऊन लिस्ट बघायचा रस्ता बंद. म्हणून उबुंटूवर एक लूप लिहिला, १ पासून २५४ पर्यंत एकेकाला पिंग करायचा, म्हणजे "आहेस का" विचारून उत्तराची वाट बघायचा. चालतो, पण दहा-बारा मिनिटं खातो आणि वर शेजारच्या टेबलावरचा विंडोजचा पीसी चालू असून बंद दाखवतो. काही फास्ट उपाय?

लाल_केबल:
लागणारच एवढा वेळ. ज्या आयपीवर कोणीच नाही तिथे लिनक्स आधी एआरपीने "हा पत्ता कोणाचा" असं सेकंद-सेकंदाने तीनदा विचारतं, कोणी बोललं नाही की मग अनरीचेबल म्हणतं. म्हणजे रिकाम्या पत्त्यामागे तीन सेकंद गेले, आणि २५४ मधले दोनशेच्या वर रिकामेच असणार, करा हिशोब. तो विंडोजवाला पिंगला गप्प बसतो कारण त्याची फायरवॉल पिंग अडवते, पण एआरपीला त्याला उत्तर द्यावंच लागतं नाहीतर त्याचं स्वतःचं नेट चालणार नाही. मग पिंग हवाच कशाला, थेट एआरपीच करा:
सुडो एआरपी-स्कॅन --लोकलनेट
(टाइप अर्थात इंग्रजीत करायचं.) दोन-चार सेकंदात यादी हातात, मॅक ॲड्रेसवरून (डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा नंबर) कंपनीचं नावही येतं, त्यामुळे प्रिंटर लगेच ओळखू येतात.

रात्रपाळी:
एनमॅप (नेटवर्क तपासायचा दुसरा प्रोग्राम) पण चालेल, -एसएन आणि -एन देऊन १९२.१६८.१.०/२४ वर, म्हणजे त्या अख्ख्या रेंजवर सोडा. सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावाच, त्याशिवाय त्याला एआरपी पाठवता येत नाही, मग तो नुसता ८० आणि ४४३ पोर्टवर (वेबसाइटचे दरवाजे) कनेक्ट करून बघतो आणि अर्धी डिव्हाइस सुटतात. -एन नाही दिलं तर सापडलेल्या प्रत्येकाचं नाव डीएनएसला (पत्त्यांची नावं सांगणारा सर्व्हर) विचारत बसतो. आणि -एसएन विसरलात तर प्रत्येकाचे हजार पोर्ट तपासायला घेईल, चहा पिऊन या मग. अजून एक, विंडोजमध्ये डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आतून हे करू नका, तिथे आतलं वेगळंच नेटवर्क दिसतं आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

मोडका_माऊस:
एआरपी-स्कॅन म्हणजे कमाल आहे राव, एंटर दाबेपर्यंत यादी आली, विंडोजवाला पण आला. पण डीव्हीआर अजून गायब, कॅमेरे तर चालू दिसतायत. आणि चार-पाच जणांपुढे कंपनीऐवजी "अननोन, लोकली ॲडमिनिस्टर्ड" येतंय, बाहेरचं कोणी घुसलंय का?

स्विचवाला_काका:
घाबरू नका, ते मोबाईल असणार. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न देता बनवलेला देतात. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तसला समजा. खात्री करायची तर एकेकाचं वायफाय बंद करून परत स्कॅन मारा. झोपलेला फोन कधीकधी उत्तर देत नाही, म्हणून दोनदा मारा.

डीव्हीआरचं म्हणाल तर बसवताना हाताने आयपी टाकलेला असतो, आधीचा राउटर वेगळ्या रेंजचा असेल तर तो अजून तिथेच अडकलेला असणार. लोकलनेट फक्त तुमच्या रेंजमध्ये शोधतं. १९२.१६८.०.०/२४ देऊन बघा, स्विच एकच असला तर बरेचदा तरीही उत्तर येतं, नाही आलं तर लॅपटॉपला त्या रेंजमधला एक जादा आयपी लावून परत बघा. नाहीतर सरळ डीव्हीआरलाच माऊस लावा, स्क्रीनवर नेटवर्कच्या मेनूत आयपी लिहिलेला असतो.