बाबांच्या तळपायाला जखम, शुगर आहे. नागपुरात कुठे दाखवू? (बजेट ५ हजार)

मानेवाडाकर: बाबा ६६ वर्षांचे, शुगर १७ वर्षांपासून. मे महिन्यात टेकडी गणपतीला तापलेल्या फरशीवर अनवाणी चालले, अंगठ्याच्या बुडाशी फोड आला. दुखून नाही राहिलं म्हणून कोणाला सांगितलंच नाही. आईला मोज्यावर पिवळा डाग दिसला तेव्हा कळलं. आता भोवती लाली आहे, कालपासून वास येतो. धंतोलीतलं खासगी हॉस्पिटल की मेडिकल (सरकारी हॉस्पिटल)?

शिरीष_धरमपेठ: धंतोलीच. आणि आधी एमसीआर चप्पल (शुगरवाल्यांची मऊ तळव्याची) घ्या. मी मापाचे बूट बनवले, ८ हजार लागले, ४ वर्षांत एक फोड नाही.

नंदनवनची ताई: जखम उघडी असताना बूट काय कामाचे, भाऊ? आमच्या सासऱ्यांना मेडिकल स्टोअरवाल्याने गोळ्या दिल्या, वरून हळद भरली. वरची कातडी मिटली, आत पू तसाच. २ बोटं गेली.

शिरीष_धरमपेठ: हळदीला नावं ठेवू नका. आजी लावायची.

नंदनवनची ताई: आजीला शुगर होती का?

ड्रेसिंगवाला: १२ वर्षं सर्जरी वॉर्डात ड्रेसिंग करतो, म्हणून कळकळीने सांगतो. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही, नसा बधिर झाल्यात. ताप नसला तरी इन्फेक्शन खोल असू शकतं. लाली, वास आहे, म्हणजे आजच दाखवा. डॉक्टर जखमेत बोथट सळई घालून हाडाला लागते का बघतील (लागली तर इन्फेक्शन हाडापर्यंत गेलेलं असू शकतं), पायाची नाडी तपासतील. कल्चरला (कोणते जंतू आहेत त्या तपासणीला) वरवरचा पू नको, जखम साफ करून आतला तुकडा पाठवायला सांगा. एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, हाडातला बदल दिसायला २-३ आठवडे लागतात. त्या पायावर भार अजिबात नको.

वर्धारोड: धंतोलीतच दाखवा. फक्त गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही बाप्पा!

शिरीष_धरमपेठ: रामदासपेठेतही तेच. मी ४० मिनिटं फिरलो.

नंदनवनची ताई: आजच जा जी. धंतोलीतच.

मानेवाडाकर: सगळे धंतोली म्हणाले, पण भरती व्हावं लागलं तर ५ हजारात भागणार नाही, म्हणून सकाळी मेडिकलला नेलं. दीड तास रांग. डॉक्टरांनी सळई घातली आणि मला टक् असा आवाज ऐकू आला. हाडाला लागली होती. लगेच भरती केलं, तुकडा कल्चरला गेला. सळई आत असतानाच बाबा विचारत होते, "सुरू केलं का?"