दगडावरचा केक ‘भाजायचा’ की ‘बेक करायचा’?

कार्डिफकर:
येथील काही मराठी कुटुंबांच्या पाककृतींच्या वहीसाठी वेल्सच्या तव्यावरच्या छोट्या केकची कृती मराठीत लिहीत आहे आणि पहिल्याच वाक्याला अडलो आहे. ज्या शेजारीण आजींनी ती शिकवली त्या या केकना ‘पिके आर अ माइन’ म्हणतात. वेल्श भाषेत ‘माइन’ म्हणजे दगड, पण त्यांच्या शेगडीवर दगड नसून बोटभर जाडीचा बिडाचा सपाट तवा असतो. पूर्वी खरोखर दगड होता, वस्तू बदलली तरी नाव टिकले. मी ‘दगडावर भाजलेले केक’ असे लिहिले, तर आईने फोनवर सुनावले की भाजतात ती भाकरी, केक बेक करतात. मात्र या कृतीत ओव्हन कोठेच येत नाही. मग लिहावे काय?

जुनी वही:
आपल्या मातुःश्रींविषयी आदर राखून सांगते की ‘भाजणे’ हाच शब्द बरोबर आहे. आपण भाकरी भाजतो, पापड भाजतो, शेंगदाणे भाजतो, कुंभार विटा भाजतो. तेल-पाण्यावाचून कोरड्या उष्णतेने जे होते ते भाजणे, मग ती उष्णता तव्याची असो वा भट्टीची. ‘भट्टी’ हा शब्दही संस्कृत ‘भ्राष्ट्र’वरून, म्हणजे ‘भाजणे’च्याच कुळातला आहे. चांगला घरचा शब्द असताना ‘बेक’ची उसनवारी कशासाठी?

रोजचा ओटा:
व्युत्पत्तीने केक होत नाही. ‘भाजा’ असे वाचले की आमच्याकडची कोणतीही गृहिणी आच मोठी करील आणि काळे ठिपके पडण्याची वाट पाहील. या पिठात साखर असल्यामुळे ते बाहेरून करपेल आणि आत कच्चे राहील. कृतीत ‘मंद आचेवर शेका’ असे लिहावे.

जुनी वही:
‘शेकणे’ गुडघ्यांसाठी आणि बाळंतिणीच्या शेक-शेगडीसाठी राखून ठेवावे. पोळी ‘शेकणे’ ही सरळसरळ हिंदीची छाया आहे.

रोजचा ओटा:
माझे माहेर नागपूरचे. आमच्या घरी तीन पिढ्या पोळी शेकत आल्या आहेत आणि तिन्ही पिढ्यांची मातृभाषा मराठीच आहे. शिवाय ज्या ‘तवा’ शब्दावर आपण इतक्या निश्चिंत आहात तो फारसीतून आला असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यालाही बाहेर काढणार काय?

जुनी वही:
‘तापणे’शी त्याचे नाते जोडणारेही तितकेच आहेत.

कार्डिफकर:
आचेचा मुद्दा मला पटला. आजी तवा तापला की नाही हे पाण्याच्या शिंतोड्याने पाहत नाहीत. त्या चिमूटभर मैदा तव्यावर भुरभुरवतात. तो हळूहळू बदामी झाला तर आच बरोबर, लगेच काळवंडला तर तवा उतरवून थांबायचे. माप असे: फुगवणारी पूड मिसळलेला मैदा 225 ग्रॅम, लोणी 110 ग्रॅम (पूर्वी डुकराची चरबी असे), साखर 85 ग्रॅम, एक अंडे, किसलेले जायफळ आणि 50 ग्रॅम छोटे काळे बेदाणे. थंड लोणी मैद्यात बोटांनी चोळायचे, सुमारे अर्धा सेंटीमीटर जाड लाटून वाटीने गोल कापायचे आणि प्रत्येक बाजूस तीन-चार मिनिटे ठेवायचे. येथे ‘मोहन’ म्हणावे काय?

जुनी वही:
अवश्य. पिठाची मूठ वळली की मोहन पुरले. ते कडकडीत असलेच पाहिजे असा नियम नाही.

रोजचा ओटा:
माझ्या लेखी कडकडीत नसेल ते मोहन नव्हे. पण हा वाद शंकरपाळ्यांच्या वेळी करू.

तासगावचा:
‘काळे बेदाणे’ या शब्दांना माझी हरकत आहे. बेदाणा म्हणजे मूळ फारसीत बिनबियांचा, परंतु आमच्या बाजारात नुसते बेदाणे मागितले की हिरवट-पिवळेच मिळतात, आणि काळ्याला लोक मनुका म्हणतात. मनुकांत बी असते, जे या केकमध्ये दाताखाली येईल. ‘बारीक बिनबियांच्या मनुका’ असे लिहावे.

मालवणी पाहुणा:
तव्याला दगड म्हणण्यात नवल ते काय? आमच्या आजीकडे बिडाच्या तव्याला नुसते ‘बिडे’ म्हणत. घावन ‘बिड्यावर’ घालायचे. भांड्याला त्याच्या द्रव्याचे नाव देणे दोन्हीकडे आहे. वेल्सच्या लोकांनी द्रव्य बदलले आणि नाव ठेवले, इतकेच. खापरोळीचेही तसेच, आता ती खापरावर कोण करतो?

खानदेशी सून:
आम्ही करतो. पुरणाचे मांडे आजही उलट्या खापरावरच टाकले जातात, तेही हातावर वाढवून, लाटून नव्हे. खापराचे नाव घ्यायचे तर आधी मांड्यांचे घ्या.

मालवणी पाहुणा:
मांड्यांना कोण नाकारतो आहे? पण खापरोळी हा निराळा पदार्थ आहे. ती जाळीदार असते आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात.

कार्डिफकर:
1 मार्चला सेंट डेव्हिड दिन, म्हणजे वेल्सच्या संरक्षक संताचा दिवस आहे आणि वही त्यापूर्वी छापायची आहे. तूर्त ‘तव्यावर मंद आचेवर भाजलेले’ असे लिहून ठेवतो. ‘केक’ हा शब्द तरी चालेल ना, की त्यालाही हरकत आहे?

खानदेशी सून:
तुमची खापरोळी उलट्या खापरावर करतात की सुलट्या?

मालवणी पाहुणा:
सुलट्या. पीठ ओतायचे असते, उलट्यावरून ते चुलीत जाईल.