एसपीआय क्लॉकमुळे शेजारच्या रिसेट लाइनवर स्पाइक, टू-लेअर बोर्डवर काय करता येईल?

वागळे_रोड_१६:
मंडळी, वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत आहे. पंप कंट्रोलरचा बोर्ड, टू-लेअर, १.६ मिमी एफआर-४, खालच्या बाजूला ग्राउंड. लेआउट माझ्या आधीच्या माणसाचा. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरपासून डिस्प्लेच्या कनेक्टरपर्यंत एसपीआयची (चिपांमध्ये डेटा नेणारी सीरियल बस) क्लॉक आणि डिस्प्लेची रिसेट लाइन सुमारे ११ सेंमी एकमेकींना चिकटून जातात. ट्रेस १० मिल (०.२५ मिमी), गॅप १० मिल. रिसेट ओपन-ड्रेन (पिन लाइन फक्त खाली ओढते), वर धरायला १० के म्हणजे १० किलोओहमचा पुल-अप. डिस्प्ले मधूनच पांढरा पडतो. स्कोपवर क्लॉक खाली गेली की रिसेटवरही खाली स्पाइक दिसतो, म्हणजे शेजारच्या ट्रेसमधून उमटणारा क्रॉसटॉक. क्लॉक ८ मेगाहर्ट्झवरून १ वर आणली, तरी स्पाइक तेवढाच. साहेब म्हणतात, "१ मेगाहर्ट्झला कसला आलाय क्रॉसटॉक, फर्मवेअर बघ."

गॅप_हवाच:
३डब्ल्यू रूल पाळा. सेंटर-टू-सेंटर अंतर ट्रेसच्या रुंदीच्या तिप्पट. नवीन बोर्ड मागवा, विषय संपला.

रबाळेकर_काका:
थांबा, इतक्यात बोर्ड मागवू नका. साहेबांना सांगा, क्रॉसटॉकला तुमची फ्रिक्वेन्सी कळत नाही, एज कळते, म्हणजे सिग्नल किती झटकन वर-खाली जातो ते. १ मेगाहर्ट्झवर पिन तेवढ्याच नॅनोसेकंदांत खाली येते, म्हणून स्पाइकही तेवढाच. तुमचं मोजमाप हाच पुरावा आहे.

आता ३डब्ल्यू. ढोबळ हिशोबात कपलिंग १ भागिले (१ + (डी/एच)²) या प्रमाणात जातं. डी म्हणजे दोन ट्रेसच्या मध्यांतलं अंतर, एच म्हणजे ग्राउंडपासूनची उंची. तुमचं डी ०.५ मिमी, एच १.५ च्या आसपास. उत्तर ०.९. ३डब्ल्यू करून डी ०.७६ केलंत तर ०.८. एवढ्यासाठी नवीन बोर्ड? तेच फोर-लेअरला ग्राउंड ०.२ मिमीवर आलं, तर जुन्याच गॅपला ०.१४ येतं. रूल खोटा नाही, पण ग्राउंड जवळ असेल तेव्हाचा आहे. हे न सांगता तो पोरांना पाठ करायला लावतात याची मला चीड येते.

तुमच्याकडे कपॅसिटिव्ह (व्होल्टेज बदलल्याने होणाऱ्या) कपलिंगचा भागच जास्त असणार, कारण रिसेट लाइन १० केवर लोंबकळते आहे. त्यामुळे पहिलं काम फुकटातलं: ती पिन पुश-पुल करा, म्हणजे ती लाइन वर आणि खाली दोन्हीकडे स्वतः ढकलेल. मग लाइन शंभरच्या आतल्या ओहमवर धरली जाते. दुसरंही फुकटच: क्लॉकच्या पिनचा जीपीआयओ स्पीड (एज किती वेगवान ते ठरवणारं सेटिंग) "व्हेरी हाय" असेल तर खाली आणा.

आणि प्रोबची ती लांब क्रोकोडाइल क्लिप काढा. तिचा लूपच अर्धा स्पाइक पकडतो. टिपजवळची छोटी स्प्रिंग लावून पुन्हा बघा. खालचं ग्राउंड क्लॉकखाली कुठे चिरलंय का तेही पाहा. चीर असली की रिटर्न करंट घोडबंदर रोड तुंबल्यावर गाड्या फिरतात तसा लांबून वळसा घेतो, आणि मग इंडक्टिव्ह कपलिंगही वाढतं.

वागळे_रोड_१६:
काका, स्प्रिंग लावल्यावर स्पाइक बराच कमी दिसतोय, पण आहे. स्पीड "व्हेरी हाय" होता, "मीडियम" केल्यावर आणखी उतरला. पुश-पुल मात्र नाही करता येत, त्याच लाइनवर सुपरवायझर आयसीचं (व्होल्टेज पडलं की रिसेट देणारी चिप) ओपन-ड्रेन आउटपुटही आहे.

रबाळेकर_काका:
मग बरोबर आहे, पुश-पुल केलंत तर दोघांची मारामारी होईल. डिस्प्लेच्या कनेक्टरपाशी रिसेट ते ग्राउंड १० नॅनोफॅरड लावा. दोन ट्रेसमधलं कपॅसिटन्स काही पिकोफॅरड, त्यामुळे स्पाइकचं काही उरणार नाही. फक्त १० केमुळे लाइन वर यायला १०० मायक्रोसेकंदांच्या वर लागतील, तर रिसेट सोडल्यावर डिस्प्लेला कमांड द्यायच्या आधी १ मिलिसेकंद थांबा.

क्लॉकला कंट्रोलरच्या पिनपाशीच ट्रेस कापून ३३ ओहमचा ०६०३ आकाराचा रेझिस्टर बसवा. कनेक्टरच्या टोकाला नको, तिथे उपयोग नाही.

गॅप_हवाच:
हिशोब पटला. मधे गार्ड ट्रेस टाकला तर?

रबाळेकर_काका:
दोन्ही टोकांना आणि मधेमधे व्हायांनी (दोन थर जोडणारी भोकं) ग्राउंडला शिवलात तर. नुसता तरंगता ठेवलात तर तो एकीकडचं उचलून दुसरीकडे देतो. आणि बोर्डपासून डिस्प्लेपर्यंत फ्लॅट केबल आहे ना? तिच्यात क्लॉकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंडच्या वायर आहेत का, पिनआउट टाका.