संत्रं की ढोबळी मिरची?
क जीवनसत्त्वासाठी संत्र्याला तोड नाही, हे काही पटलं नाही. नागपूरकरांची माफी मागून सांगतो, ढोबळी मिरची त्याच्या पुढे आहे. १०० ग्रॅम संत्र्यात साधारण ५० मिलिग्रॅम, हिरव्या ढोबळीत ८० च्या आसपास आणि पिकून लाल झालेल्या मिरचीत १२० च्याही वर. साखरही बरीच कमी.

पण खरी गोम शिजवण्यात आहे. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेने नष्ट होतं. आपण पीठ पेरून, झाकण ठेवून भाजी करणार, म्हणजे त्यातलं बरंच गेलंच! संत्रं सोललं की थेट तोंडात. त्यामुळे मिरची कोशिंबिरीत कच्ची खाणार असाल तरच हे आकडे कामाचे. बाकी पेरू या दोघांनाही मागे टाकतो, तोही कसलीच खटपट न करता.